पागो की पागोऽ: मराठीच्या वाटेनं स्पॅनिशचा भूतकाळ

व्हॅलेन्सियातल्या एका छोट्या बारमध्ये आम्ही दोघं जेवायला बसलो होतो. सहकाऱ्यानं मघाशीच काउंटरवर जाऊन पैसे दिले होते. तेवढ्यात दुसरा वेटर बिल घेऊन आला. मी सहकाऱ्याकडे बोट दाखवलं आणि ऐटीत म्हणालो, "पागो." मला म्हणायचं होतं, 'यानं दिले.' वेटरनं मान डोलावली आणि कार्डाचं मशीन माझ्यापुढे धरलं. कारण मी म्हणालो होतो, 'मी देतो.' 'यानं दिले' म्हणायला 'पागोऽ' म्हणावं लागतं, शेवटच्या ओकारावर जोर देऊन. सहकाऱ्यानं पोटभर हसून घेतलं आणि मग पावती काढून दाखवली, म्हणून निभावलं.

मी स्पॅनिश इंग्रजीतून शिकलो होतो, त्यामुळे असे घोळ पुढेही होत राहिले. पुष्कळ उशिरा लक्षात आलं की स्पॅनिशच्या भूतकाळातल्या ज्या गोष्टी इंग्रजीतून समजून घ्यायला चार पानं लागतात, त्या मराठी बोलणाऱ्याच्या तोंडात आधीपासूनच असतात. उलट काही ठिकाणी मराठीच पाय ओढते, आणि इंग्रजी पुस्तकांना त्याचा पत्ता नसतो. म्हणून ही मांडणी मराठीच्या बाजूनं केली आहे, आणि तीही फक्त नियमित क्रियापदांची.

आधी उच्चारांची बोलणी

स्पॅनिश शब्द इथे देवनागरीत लिहिले आहेत. शब्दात 'ऽ' दिसला की त्याच्या आधीच्या स्वरावर जोर द्यायचा. रोमन लिपीत बहुतेक वेळा त्या स्वराच्या डोक्यावर एक तिरकी रेघ असते. लिहिताना ती गाळू नका, ती नक्षी नाही. 'ऽ' नसेल तर जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर: 'पागो'मध्ये 'पा'वर. न आणि स सोडून दुसऱ्या व्यंजनानं संपणाऱ्या शब्दात मात्र जोर शेवटीच असतो: 'उस्तेद', 'आयेर', आणि 'र'नं संपणारी क्रियापदांची मूळ रूपं, जसं 'पागार'.

रोमन 'एच' मुका असतो, म्हणून बोलणे या क्रियापदाचा उच्चार 'आब्लार'. 'व्ही'चा उच्चार 'ब' होतो. दोन 'एल' जोडून आले की बहुतेक ठिकाणी 'य' ऐकू येतो. 'झेड', तसंच 'ई' आणि 'आय' यांच्या आधीचा 'सी', यांचा उच्चार स्पेनच्या बहुतेक भागात जीभ दातांत धरून 'थ'सारखा करतात, लॅटिन अमेरिकेत सरळ 'स'. मी 'स' लिहितो. त आणि द मात्र आपलेच दंत्य, ट-डकडे झुकणारे नाहीत. तेवढं एक काम फुकटात झालं.

पहिली पायरी: शेपूट तोडा

मराठीत 'बोलणे'मधला 'णे' काढला की 'बोल' उरतो आणि त्याला प्रत्यय लागतात. स्पॅनिशमध्येही तसंच, फक्त शेपटं तीन आहेत: आर, एर आणि इर. आब्लार (बोलणे), कोमेर (खाणे, जेवणे), बिबिर (राहणे, जगणे). शेपूट तोडलं की आब्ल, कोम, बिब. यांना आता भूतकाळाचे प्रत्यय लावायचे.

नमुना म्हणून 'आब्लार' घेऊ:

यो आब्लेऽ: मी बोललो, मी बोलले
तू आब्लास्ते: तू बोललास, तू बोललीस
एल, एया, उस्तेद आब्लोऽ: तो बोलला, ती बोलली, आपण बोललात
नोसोत्रोस आब्लामोस: आम्ही बोललो, आपण बोललो
बोसोत्रोस आब्लास्तेइस: तुम्ही बोललात (फक्त स्पेनमध्ये)
एयोस, एयास, उस्तेदेस आब्लारोन: ते बोलले, त्या बोलल्या, तुम्ही बोललात

पाठ करायला बसण्याआधी हा तक्ता नीट न्याहाळा.

क्रियापदाला लिंग नाही. मराठीत मुलगा 'बोललो' म्हणतो, मुलगी 'बोलले' म्हणते, स्पॅनिशमध्ये दोघंही 'आब्लेऽ'. 'तो बोलला' आणि 'ती बोलली' दोन्ही 'आब्लोऽ'. आम्ही आणि आपण हा भेदही नाही, 'आब्लामोस'मध्ये समोरचा धरला आहे की वगळला आहे ते संदर्भावरून ओळखायचं.

'उस्तेद' म्हणजे आदरार्थी संबोधन, पण क्रियापद 'तो, ती'चं. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना हे विचित्र वाटतं. हा शब्द 'बुएस्त्रा मेर्सेद' म्हणजे 'आपली कृपा' या जुन्या संबोधनाचा झिजून झालेला आहे, आणि कृपा ही तृतीयपुरुषीच असणार. मोठ्या माणसाला समोरासमोर 'साहेब जेवले का?' असं विचारण्याची रीत आपल्याकडे आहेच. तोच प्रकार.

सर्वनाम गाळता येतं. 'जेवलास का?' 'जेवलो.' या संवादात 'तू' आणि 'मी' कुठे आहेत? प्रत्ययात. स्पॅनिशही तशीच: 'कोमिस्ते?' 'कोमीऽ.' दर वाक्याला 'यो, यो' करत बसलात तर 'मी, मी' करणाऱ्या माणसासारखे ऐकू याल.

आता 'तू'चा 'स'. मराठीत 'तू' आला की भूतकाळात 'स' येतो: बोललास, खाल्लंस, आलीस. स्पॅनिशमध्ये 'तू'चा 'स' वर्तमानात आहे (आब्लास, कोमेस), भविष्यात आहे, अपूर्ण भूतकाळातही आहे. नेमका या साध्या भूतकाळात नाही! 'आब्लास्ते', 'कोमिस्ते', शेवटी स नाही. हा प्रत्यय लॅटिनमधल्या 'स्ती'पासून आला आणि लॅटिनमध्येही त्याच्या शेवटी स नव्हता. मूळ स्पॅनिश बोलणाऱ्या पुष्कळांना हे खटकत असावं, कारण ते बोलण्याच्या ओघात 'आब्लास्तेस' म्हणून मोकळे होतात आणि शाळेत मास्तरांच्या लाल शाईचे धनी होतात. मराठी माणसाची जीभही तिकडेच घसरते. सांभाळा.

लॅटिन अमेरिकेत 'बोसोत्रोस' वापरत नाहीत, तिथे तुम्ही सगळे म्हणजे 'उस्तेदेस'. मेक्सिको किंवा कोलंबियाच्या लोकांशीच काम असेल, तर ती एक ओळ ओळखण्यापुरती ठेवा.

दुसरी पायरी: उरलेल्या दोघांना एकच तक्ता

वर्तमानकाळात एर आणि इर यांचे प्रत्यय काही ठिकाणी वेगळे पडतात. भूतकाळात दोघांचं सूत जुळलेलं आहे.

यो: कोमीऽ, बिबीऽ
तू: कोमिस्ते, बिबिस्ते
एल, एया, उस्तेद: कोम्योऽ, बिब्योऽ
नोसोत्रोस: कोमिमोस, बिबिमोस
बोसोत्रोस: कोमिस्तेइस, बिबिस्तेइस
एयोस, उस्तेदेस: कोम्येरोन, बिब्येरोन

म्हणजे पाठ करायचे तक्ते दोनच. 'आर'वाल्यांचा आवाज ए-आचा, बाकीच्यांचा इकाराचा. एवढं कानात बसलं की 'एस्क्रिबिर' (लिहिणे) दिसल्यावर 'एस्क्रिबीऽ' आपोआप येतं, आणि 'कोम्प्रार' (विकत घेणे) दिसल्यावर 'कोम्प्रेऽ'.

एक गोची आहे. 'आब्लामोस' आणि 'बिबिमोस' ही रूपं वर्तमानातही हुबेहूब अशीच असतात. 'आम्ही बोलतो' आणि 'आम्ही बोललो' यांत कानाला फरक नाही. 'एर'वाल्यांत मात्र आहे: 'कोमेमोस' म्हणजे खातो, 'कोमिमोस' म्हणजे खाल्लं. म्हणून वाक्यात काळाचा शब्द टाकायची सवय आतापासूनच लावा. आयेर (काल), आनोचे (काल रात्री), ला सेमाना पासादा (गेल्या आठवड्यात), एल आन्यो पासादो (गेल्या वर्षी), आसे दोस आन्योस (दोन वर्षांपूर्वी). 'आन्तेआयेर' म्हणजे परवा, पण फक्त मागचा. आपल्या 'परवा'ला मागचं-पुढचं कळत नाही, यांच्या परवाला कळतं.

तिसरी पायरी: जोर

बारमधला घोळ इथला. आर-वर्गातली ही जोडी सतत समोर येते:

पागो: मी पैसे देतो. पागोऽ: त्यानं पैसे दिले.
आब्लो: मी बोलतो. आब्लोऽ: तो बोलला.
गानो: मी जिंकतो. गानोऽ: तो जिंकला.

जोर हलला की काळही बदलतो आणि माणूसही. मराठीत जोरानं अर्थ असा उलटत नाही, त्यामुळे आपला कान तिकडे लागलेला नसतो. उपाय एकच, मोठ्यानं म्हणणे. मनातल्या मनात वाचून हे जमत नाही, कारण मनात सगळेच उच्चार बरोबर असतात. मी स्वयंपाकघरात चहा उकळेपर्यंत 'आब्लो-आब्लोऽ, पागो-पागोऽ' असं टाळी देत म्हणत असे. घरच्यांनी पहिल्या आठवड्यात चौकशी केली, नंतर सोडून दिली.

फुटबॉल पाहणाऱ्यांना आणखी एक शाळा आहे. स्पॅनिश समालोचन लावा. 'मार्कोऽ' (गोल केला) आणि 'गानोऽ' इतक्या वेळा कानावर पडतं की जोर चुकणं अवघड होतं. २०२२ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याबद्दल 'मेस्सी मार्कोऽ दोस गोलेस' आणि 'आर्खेन्तिना गानोऽ' ही वाक्यं अर्जेंटिनाचे झेंडे लावणाऱ्या कोल्हापूरकरांना वेगळी शिकवायला नकोत.

पगाराची गंमतही सांगून टाकतो. 'पागार' म्हणजे पैसे देणे, आणि आपला 'पगार' त्याच शब्दाच्या पोर्तुगीज भावंडाकडून आला. म्हणजे ज्या क्रियापदावर माझी फजिती झाली, ते महिन्याच्या एक तारखेला उभा महाराष्ट्र उच्चारतो.

चौथी पायरी: क्रियापद कुणाचं ऐकतं?

या पायरीवर मराठी माणूस सर्वांत जास्त अडखळतो.

मी आंबा खाल्ला. मी पोळी खाल्ली. मी आंबे खाल्ले. खाणारा एकच, पण क्रियापद तीन तऱ्हेचं, कारण भूतकाळात आपलं सकर्मक क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जातं. शाळेत याला कर्मणी प्रयोग म्हणून शिकलो. स्पॅनिशमध्ये असं काही नाही. क्रियापद सदैव कर्त्याचं:

कोमीऽ उन मांगो. एक आंबा खाल्ला.
कोमीऽ उना मान्साना. एक सफरचंद खाल्लं.
कोमीऽ त्रेस मांगोस. तीन आंबे खाल्ले.

तिन्हींकडे 'कोमीऽ'. आंबे तीन झाले म्हणून 'कोम्येरोन' म्हणालात, तर आंब्यांनीच काहीतरी खाल्लं असं होईल. हसू नका, 'मी तीन पत्रं लिहिली' हे घाईत बोलताना मी स्वतः 'एस्क्रिब्येरोन त्रेस कार्तास' म्हणालो आहे. पत्रं अनेक, म्हणून क्रियापद अनेकवचनी, असा हिशेब डोक्यानं परस्पर केला होता. बरोबर वाक्य 'एस्क्रिबीऽ त्रेस कार्तास'. 'ने' प्रत्ययाला शोधू नका. 'तो आला' आणि 'त्याने खाल्लं' यांतला तो-त्याने फरक तिथे नाही, दोन्हीकडे नुसता 'एल'.

सुरुवातीला वाक्य बनवताना एक युक्ती करा. आधी 'कोण?' विचारा आणि क्रियापद तिथेच पक्कं करून टाका, 'काय?' नंतर. मराठी क्रम (कर्ता, कर्म, क्रियापद) डोक्यात ठेवलात तर क्रियापदापर्यंत पोहोचेतो कर्म त्याला पळवून नेतं.

आणि आता याच्या बरोबर उलट. 'गुस्तार' म्हणजे आवडणे. इंग्रजीतून आलेले विद्यार्थी या क्रियापदापाशी रडकुंडीला येतात, कारण इंग्रजीत आवडवून घेणारा माणूस कर्ता असतो. मराठीत 'मला' असतो, आणि स्पॅनिशमध्येही 'मे' म्हणजे 'मला'च:

मे गुस्तोऽ ला पेलीऽकुला. मला चित्रपट आवडला.
मे गुस्तारोन लोस मांगोस. मला आंबे आवडले.

आवडलेली गोष्ट एक असेल तर 'गुस्तोऽ', अनेक असतील तर 'गुस्तारोन'. शब्दागणिक आपली रचना. इथे मराठीत विचार करा आणि खुशाल बोला.

पाचवी पायरी: लिहिताना

ही पायरी बोलण्यासाठी नाहीच, फक्त रोमन लिपीत लिहिण्यासाठी आहे. 'बुस्कार' म्हणजे शोधणे, 'मी शोधलं' म्हणजे 'बुस्केऽ'. देवनागरीत काहीच अडचण नाही, क चा के झाला. रोमन लिपीत मात्र 'सी'पुढे 'ई' आला की क ऐवजी स किंवा थ वाचला जातो. म्हणून क चा आवाज टिकवायला तिथे 'क्यू' आणि 'यू' लिहावे लागतात. तसंच 'पागार'चं 'पागेऽ' आणि 'येगार' (पोहोचणे) याचं 'येगेऽ' लिहिताना 'जी'नंतर एक मुका 'यू' घालायचा, नाहीतर ग चा घशातला ख होतो. 'एम्पेसार' (सुरू करणे) याच्या 'एम्पेसेऽ'मध्ये 'झेड' जाऊन 'सी' येतो. हे तिन्ही बदल फक्त 'यो'च्या रूपात. आवाज तोच राहावा म्हणून अक्षर बदललं, एवढंच. व्याकरणाची पुस्तकं याला मोठे अपवाद म्हणून छापतात आणि नवख्याला उगाच घाबरवतात.

'लेएर' म्हणजे वाचणे. 'मी वाचलं' लेईऽ, पण 'त्यानं वाचलं' लेयोऽ आणि 'त्यांनी वाचलं' लेयेरोन. दोन स्वरांच्या मध्ये सापडलेल्या इकाराचा य झाला. 'इति' आणि 'आदि' मिळून 'इत्यादि' होतं हे ज्यांनी शाळेत घोकलं आहे, त्यांना यात नवल वाटू नये.

वर्तमानात ज्यांचा मधला स्वर फुटतो, त्या क्रियापदांबद्दलही इथेच सांगतो. 'पेन्सार' (विचार करणे) याचं वर्तमानात 'पिएन्सो' होतं, 'बोल्बेर' (परतणे) याचं 'बुएल्बो'. भूतकाळात पेन्सेऽ, बोल्बीऽ. स्वर फुटत नाही. कारण तो फक्त जोराखाली फुटतो, आणि भूतकाळात जोर पुढे प्रत्ययावर सरकलेला असतो. 'इर'वाली थोडी क्रियापदं मात्र तृतीयपुरुषात जराशी वाकतात: 'पेदिर' (मागणे) याचं पेदीऽ पण पिद्योऽ, 'दोर्मिर' (झोपणे) याचं दोर्मीऽ पण दुर्म्योऽ. ही भेटतील तशी लक्षात ठेवा.

सहावी पायरी: जेवलो, जेवत होतो, जेवायचो

रूपं आली, पण वापरायची कधी? स्पॅनिशमध्ये मागच्या गोष्टी सांगायला दोन भूतकाळ सतत खांद्याला खांदा लावून चालतात. एक आपण आत्ता शिकलो तो, त्याला 'प्रेतेरितो' म्हणतात. (नाव ऐकून दचकू नका. लॅटिनमधला 'इतुस' आणि संस्कृतातला 'इत', दोन्ही एकाच मुळाचे, अर्थ 'गेलेला'. आपला 'प्रेत' शब्दही प्र आणि इत मिळूनच झाला आहे.) दुसरा 'इम्पेर्फेक्तो', म्हणजे अपूर्ण. त्याचे प्रत्यय भलतेच सोपे:

आब्लाबा, आब्लाबास, आब्लाबा, आब्लाऽबामोस, आब्लाबाइस, आब्लाबान.
कोमीऽआ, कोमीऽआस, कोमीऽआ, कोमीऽआमोस, कोमीऽआइस, कोमीऽआन. 'बिबिर'ही असाच.

'यो' आणि 'एल' यांचं रूप इथे एकच असतं, म्हणून गोंधळ होण्यासारखा असेल तेव्हा सर्वनाम घाला. या काळात अनियमित क्रियापदं अवघी तीन आहेत.

या दोघांतला फरक इंग्रजीतून समजावणं जिकिरीचं, कारण इंग्रजीतलं साधं भूतकाळी रूप दोन्हींकडे चालून जातं. मराठी माणसाला तीन वाक्यं पुरतात:

काल मी आंबा खाल्ला. आयेर कोमीऽ उन मांगो.
तू फोन केलास तेव्हा मी जेवत होतो. क्वान्दो यामास्ते, कोमीऽआ.
लहानपणी मी रोज आंबे खायचो. दे निन्यो कोमीऽआ मांगोस तोदोस लोस दीऽआस.

मराठीत नुसतं 'ला, ली, लं' आलं तर प्रेतेरितो. 'त होतो' किंवा 'आयचो' आलं तर इम्पेर्फेक्तो. जुन्या लिखाणातलं 'तो रोज नदीवर जात असे' हेही इम्पेर्फेक्तोच. दहापैकी आठ वाक्यं या एका कसोटीवर सुटतात. (मुलगी असेल तर तिसऱ्या वाक्यात 'दे निन्या'. क्रियापदाला लिंग नाही, नामाला आहे.)

उरलेल्या दोनांपैकी एक सांगतो, कारण ते हमखास चुकतं. 'मी पाच वर्षं पुण्यात राहत होतो.' कसोटी म्हणेल, 'त होतो' आहे, इम्पेर्फेक्तो लावा. चूक. मुदत मोजून सांगितली की स्पॅनिश तो काळ कुंपण घालून बंद झालेला मानते: 'बिबीऽ सिन्को आन्योस एन पुणे.' कुंपण नसेल, नुसती पार्श्वभूमी असेल, तर इम्पेर्फेक्तो: 'बिबीऽआ एन पुणे क्वान्दो नास्योऽ मी इखा', मी पुण्यात राहत होतो तेव्हा माझी मुलगी जन्मली. या वाक्यातला 'मी' म्हणजे 'माझी' हे ध्यानात घ्या. स्पॅनिशचा 'मी' माझा-माझी आणि आपला 'मी' म्हणजे यो. पहिले काही आठवडे हा शब्द डोकं फिरवतो.

जिथे मराठी भूतकाळ खरा भूतकाळ नसतो

खालून कुणी हाक मारली की आपण पायात चप्पलही न घालता ओरडतो, "आलोच!" रूप भूतकाळाचं, काम भविष्याचं. स्पॅनिशमध्ये 'या येगेऽ' म्हणालात तर समोरचा समजेल की तुम्ही पोहोचला आहात, आणि तो दारात तुम्हाला शोधेल. 'आलोच'ला ते 'या बोइ' म्हणतात. शब्दशः बघितलं तर 'जातोच', आणि तेही वर्तमानात.

दुसरी जागा 'तर'ची. 'लवकर पोहोचलास तर जेवू.' इथला 'पोहोचलास' अजून घडलेला नाही. स्पॅनिशमध्ये वर्तमान: 'सी येगास तेम्प्रानो, कोमेमोस.' 'येगास्ते' वापरलंत तर अर्थ 'तू खरोखर लवकर पोहोचला असशील तर' असा मागे वळतो.

'मी जेवलो आहे' या जातीचं रूपही स्पॅनिशमध्ये आहे, 'ए कोमिदो'. स्पेनच्या मोठ्या भागात आज घडलेल्या गोष्टींसाठी तेच वापरतात: आज सकाळी जेवलो, तर 'ए कोमिदो', काल जेवलो, तर 'कोमीऽ'. लॅटिन अमेरिकेत आजच्या गोष्टीलाही बहुधा साधा 'कोमीऽ' चालतो. नवख्यानं साधा भूतकाळ धरून बोलावं, कुणाचं काही अडत नाही.

अनियमितांची भीती

स्पॅनिशमधली सर्वांत वापरातली क्रियापदं, असणे, जाणे, करणे, सांगणे, भूतकाळात अनियमित आहेत हे खरं. पण आपल्याकडे तरी काय? 'कर'चं 'करलं' होत नाही, 'केलं' होतं. जा-गेला, ये-आला, घे-घेतलं. लहान मूल 'मी करलं' म्हणतं तेव्हा त्याला नियम कळलेला असतो, अपवाद कळायचा असतो. तुम्हीही काही आठवडे त्या मुलासारखे बोला. समोरच्याला कळतं, तो हसून दुरुस्त करतो. नियमित रूपं जिभेवर बसण्याआधी अपवादांच्या याद्या घोकणारे मी पाहिले आहेत. त्यांना दोन्ही येत नाहीत.

वाचायला एक उतारा

उतारा मेक्सिकोचे कवी ओक्ताव्यो पास यांच्याबद्दलचा आहे. यातलं प्रत्येक क्रियापद नियमित आहे. मोठ्यानं वाचा, 'ऽ' सांभाळून.

ओक्ताव्यो पास नास्योऽ एन मेऽखिको एन १९१४. एन १९५१ येगोऽ आ बोम्बाइ एन बार्को. बिसितोऽ ला इस्ला दे एलेफान्ता. एन १९६२ रेग्रेसोऽ आ ला इन्द्या कोमो एम्बाखादोर. बिब्योऽ सेइस आन्योस एन नुएबा देली. एस्क्रिब्योऽ मुचोस पोएमास. एन १९६८ रेनुन्स्योऽ. एन १९९० रेसिब्योऽ एल प्रेम्यो नोबेल.

अर्थ असा: ओक्ताव्यो पास १९१४ मध्ये मेक्सिकोत जन्मले. १९५१ मध्ये जहाजानं मुंबईला पोहोचले. घारापुरीचं बेट पाहिलं. १९६२ मध्ये राजदूत म्हणून भारतात परतले. सहा वर्षं नवी दिल्लीत राहिले. पुष्कळ कविता लिहिल्या. १९६८ मध्ये राजीनामा दिला (मेक्सिको सिटीत त्यांच्याच सरकारनं विद्यार्थ्यांवर गोळीबार केला, त्याच्या निषेधार्थ). १९९० मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

दोन जागा पाहा. सहा वर्षं मोजून सांगितली, म्हणून 'बिब्योऽ', 'बिबीऽआ' नाही. आणि कविता पुष्कळ असल्या तरी 'एस्क्रिब्योऽ' एकवचनीच, कारण लिहिणारा एक.

हाच उतारा स्वतःवर घ्या: नासीऽ (जन्मलो), येगेऽ, रेग्रेसेऽ, बिबीऽ. मग रोज रात्री कालच्या दिवसाची पाच वाक्यं लिहा. 'आयेर'नं सुरुवात करा आणि नियमित क्रियापदंच वापरा: कोम्प्रार, त्राबाखार (काम करणे), कोसिनार (स्वयंपाक करणे), एस्कुचार (ऐकणे), सालुदार (नमस्कार करणे), आब्रिर (उघडणे), बेबेर (पिणे), बेन्देर (विकणे). या आठांत मराठी माणसाचा बराचसा दिवस बसतो.

सहा वाक्यं, आधी स्वतः करून पाहा

१. काल मी कांदे विकत घेतले.
२. तू बटाटे खाल्लेस का?
३. परवा आम्ही ग्रानादाला पोहोचलो.
४. माझी आजी पत्रं लिहायची.
५. त्यांना घर आवडलं.
६. पैसे मी दिले, त्यानं दिले नाहीत.

उत्तरं:

१. आयेर कोम्प्रेऽ सेबोयास. कांदे अनेक, घेणारा मी एकटा.
२. कोमिस्ते पापास? शेवटी 'स' लावला असेल तर खोडा. स्पेनमध्ये बटाट्याला 'पातातास' म्हणतात.
३. आन्तेआयेर येगामोस आ ग्रानादा. 'आन्तेआयेर' काढून टाकलं तर वाक्य 'आम्ही पोहोचतो' असंही वाचता येईल.
४. मी आब्वेला एस्क्रिबीऽआ कार्तास. 'लिहायची' आहे, म्हणून इम्पेर्फेक्तो.
५. लेस गुस्तोऽ ला कासा. आवडणारे अनेक, पण घर एक, म्हणून 'गुस्तोऽ'.
६. पागेऽ यो, एल नो पागोऽ. इथे 'यो' आणि 'एल' मुद्दाम घातले आहेत, कारण वाद कुणी दिले याचाच आहे. आणि शेवटचा ओकार नीट ठासून म्हणा.